व्हॅन दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

मंडळाच्या कार्यक्रमाला आलेल्या गाड्या नुसत्या पाहिल्या तरी कुणाच्या घरी काय चालले आहे याचा अंदाज येतो. नवी कोरी गाडी दिसली की कुणाची तरी नोकरी बदललेली असते. छपरावर सायकली दिसल्या की मुले घर सोडून गेलेली असतात. आणि मागच्या काचेवर सॉकरच्या टीमपासून हायस्कूलच्या बँडपर्यंतचे स्टिकर, बंपरला ओरखडा आणि ओडोमीटरवर दोन लाखांच्या पुढचा आकडा अशी मिनिव्हॅन दिसली, की त्या घरात जेवणाच्या टेबलावर एकच वाद चाललेला असणार: हिच्यावर आणखी पैसे घालायचे, की हिला आता निरोप द्यायचा?

आमच्याही घरी हा वाद झाला. आमची व्हॅन २००८ सालची, दोन लाख बारा हजार मैल झालेली. (येथे 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे. ज्या मुद्द्यांवर दोघांचे एकमत झाले तेवढेच लिहीत आहोत, नाहीतर लेख दुप्पट झाला असता.)

आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पाककृतीच्या पानावर जायची घाई आहे ते जाऊ शकतील. व्हॅन ठेवायची की काढायची हे ओडोमीटर पाहून ठरवू नये. तिची बाजारातली किंमत पाहूनही ठरवू नये. ती कोण चालवणार, कुठवर चालवणार, आणि तिचे ब्रेक, स्टीअरिंग व टायर कसे आहेत हे पाहून ठरवावे. आणि आपल्याला नकोशी झालेली गाडी मुलांच्या किंवा नव्याने आलेल्या कुटुंबाच्या गळ्यात घालणे याला निर्णय म्हणू नये.

या गाडीशी आपले नाते निराळे आहे, हे मान्य. क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या अखेरीस पहिल्या मिनिव्हॅन बाजारात आणल्या त्या अमेरिकन कुटुंबांसाठी. पण आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार, त्यांच्या चार अवजड बॅगा, दोन मुले आणि मुलांचा एखादा मित्र, एवढा संसार एका खेपेत विमानतळावरून घरी आणणारी दुसरी गाडी आपल्याला तरी माहीत नाही. मागचे बाक काढले की गणपतीचे मखर आडवे मावते. मंडळाची पातेली, सतरंज्या आणि साउंड सिस्टिम गेली कित्येक वर्षे कुणाच्या ना कुणाच्या व्हॅनमधूनच इकडून तिकडे जात आली आहे. त्यामुळे 'काढून टाका' म्हणताना जीभ जड होते. शिवाय भारतातून आलेल्या बाबांना विचारावे तर उत्तर ठरलेले: "अरे, अजून दहा वर्षे बघायला नको!" ज्या पिढीने बजाजची स्कूटर तिरकी करून, किक मारून पंचवीस वर्षे चालवली, त्या पिढीकडून दुसऱ्या उत्तराची अपेक्षाही करू नये.

आपण जिथून आलो तिथे हा निर्णय बऱ्याचदा सरकारच घेते. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, आणि वीस वर्षे भरताच, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून, काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. इंजिन ठणठणीत आहे का, मालकाने नुकताच क्लच बदलला आहे का, हे कुणी विचारले नाही. दिल्लीत डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षे ही मर्यादा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली होती. हा न्याय आंधळा खरा, पण त्यात एक सोय होती. घरात भांडण होत नाही.

टेक्ससची तऱ्हा उलटी. इथे गाडीला वयाची मर्यादा कधीच नव्हती, पण १९५१ पासून वर्षातून एकदा गाडी तपासून घ्यावी लागे. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, सीट बेल्ट, टायर, स्टीअरिंग. तपासणारा किती मन लावून तपासत असे यावर वाद घालता येईल. पण वर्षातून एकदा तरी एक त्रयस्थ माणूस गाडीभोवती फिरत असे आणि टायर गुळगुळीत झाला असेल तर 'नापास' म्हणत असे. खाजगी गाड्यांची ही सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद झाली. तपासणीच्या बदल्यातले साडेसात डॉलर मात्र नोंदणीच्या वेळी द्यावेच लागतात. सरकार कुठलेही असो, तपासणी जाते, फी राहते.

अर्विंग डॅलस काउंटीत असल्याने आपल्याला धुराची परीक्षा अजून द्यावी लागते, आणि त्यावरून पुष्कळांचा गैरसमज होतो. "आमची व्हॅन पास झाली" असे कुणी सांगते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की गाडीच्या संगणकाला वायर जोडली आणि त्याने धुराबद्दल तक्रार केली नाही. ब्रेकचे पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत असले तरी या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळतात. गाडी पंचवीस वर्षांची झाली की या परीक्षेतूनही सुटका होते. म्हणजे जितकी म्हातारी, तितके विचारणारे कमी! आता गाडीकडे बघणारे आपणच उरलो आहोत, एवढे लक्षात ठेवून पुढचा हिशेब वाचावा.

गेल्या उन्हाळ्यात आम्हाला गॅरेजमधून आकडा मिळाला तो असा: एसीचा काँप्रेसर, पुढचे दोन्ही स्ट्रट, पुढचे ब्रेक रोटर आणि पॅड मिळून ३,२०० डॉलर. व्हॅनची किंमत कशीबशी अडीच हजार. ओळखीच्या प्रत्येकाने एकच म्हण ऐकवली: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हण चांगली आहे, पण ती इथे लागू पडते का हे तपासायला हवे. कोंबडी विकायची असेल तर मसाल्याचा खर्च वाया जातो. आपल्याला ती विकायची नाही, आपल्याला घरच्यांना जेवायला घालायचे आहे. व्हॅन आपण वापरणार असू तर ती बाजारात कितीला जाईल याच्याशी आपला संबंध काय? संबंध आहे तो या प्रश्नाशी, की हिच्याऐवजी जी येईल तिला किती पडतील. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी किंमत प्रथमच पन्नास हजारांच्या वर गेली. आपण त्याहून स्वस्त, चाळीस हजारांची व्हॅन धरू. टेक्ससचा सव्वासहा टक्के कर त्यावर अडीच हजार होतो. म्हणजे नव्या गाडीच्या नुसत्या करात आमची अख्खी जुनी व्हॅन येते! सात टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज घेतले तर महिन्याचा हप्ता ७९२ डॉलर. आमची ३,२०० ची दुरुस्ती म्हणजे चार हप्ते. ती व्हॅन दुरुस्तीनंतर वर्षभर नीट चालली तर आठ हप्ते वाचले, वर इन्शुरन्स कमी.

इन्शुरन्सचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. अडीच हजारांच्या गाडीवर कोलिजन कव्हरेजचे पैसे भरत राहण्यात फारसा अर्थ नाही. पण ते कमी करताना काही जण लायबिलिटीही टेक्ससच्या किमान मर्यादेवर आणून ठेवतात, ते मात्र करू नये. आपली व्हॅन जुनी असली तरी आपण जिला धडकू ती गाडी जुनी असेलच असे नाही.

एसीबद्दल इथे नव्याने आलेल्यांना शंका येते. "एसी नसला तरी चालेल, आम्ही नागपूरचे आहोत!" असे एक गृहस्थ आम्हाला म्हणाले. नागपूरकरांबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे. परंतु २०११ च्या उन्हाळ्यात आपल्या विमानतळावरच्या केंद्रात सलग चाळीस दिवस शंभर अंशांच्या वर तापमान नोंदले गेले, आणि पूर्ण वर्षात असे एकाहत्तर दिवस झाले. बेल्ट लाइन रोडवर दुपारी चार वाजता सिग्नलला उभी असलेली बंद व्हॅन, तिच्या तिसऱ्या रांगेत सत्तरी ओलांडलेली आई, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. त्यातून व्हॅनला मागच्या रांगांसाठी वेगळा एसी असतो, आणि त्याच्या गाडीखालून जाणाऱ्या नळ्या जुन्या व्हॅनमध्ये गळू लागतात. पुढे बसून चालवणाऱ्याला गार वाटते म्हणून मागेही गार असेल असे समजू नये. एकदा स्वतः मागे बसून पाहावे. उन्हाळ्यात बॅटरीही इथे लवकर मरते, आणि तो खर्च दुरुस्तीत धरायचा नाही, तो उन्हाळ्याचा कर समजायचा.

मग मसाल्याची म्हण लागू कधी पडते? आमच्या मते ट्रान्समिशन गेले की पडते. दोन लाख मैल झालेल्या गाडीत नवे ट्रान्समिशन बसवणे म्हणजे जुन्या वाड्याला संगमरवरी जिना लावण्यासारखे आहे. बाकीचा वाडा तेवढाच जुना राहतो. इंजिनाचे पाणी तेलात जाऊ लागले तरी थांबावे. शिकागो किंवा न्यू जर्सीहून इकडे बदली होऊन आलेल्या मंडळींनी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघून घ्यावी. तिकडच्या रस्त्यांवरच्या मिठाने सांगाडा गंजलेला असला तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, ती गाडी संपली. आणि एक खर्च असा आहे जो टाळून गाडी ठेवताच येत नाही: टायमिंग बेल्ट. होंडा ओडिसीच्या व्ही-सिक्स इंजिनाला बेल्ट असतो आणि तो साधारण एक लाख मैलांना बदलावा लागतो. टोयोटा सिएनाच्या व्ही-सिक्सला २००६ च्या मॉडेलपर्यंत बेल्ट होता, २००७ पासून साखळी आली. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत आतले व्हॉल्व्हच वाकतात आणि मग दुरुस्तीचा प्रश्न आपोआप सुटतो. दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली आहे आणि पैसे घालण्याची इच्छा नाही, असे असेल तर गाडी त्याच दिवशी काढावी. "बघू या किती दिवस जाते" हे बेल्टच्या बाबतीत चालत नाही.

एक कारण मात्र आम्ही कुणाकडूनही ऐकून घेत नाही. "मागच्याच वर्षी दीड हजार घातले, आता कशी सोडणार?" ते दीड हजार गेले. व्हॅन ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. पुढच्या वर्षाचा हिशेब पुढच्या वर्षापासून करावा.

इथपर्यंत वाचून वाटेल की आम्ही जुन्या गाडीचे वकील आहोत. स्वतः चालवायची असेल तर आहोतच. पण आपल्याकडे जुनी व्हॅन स्वतः कुणी ठेवत नाही. आई-वडील नवी घेतात आणि जुनी मुलांना देतात. मुलगा सतरा वर्षांचा झाला की "शिकायला ही बरी, ठोकली तरी हळहळ नको" असे म्हणून दोन लाख मैलांची गाडी त्याच्या हातात येते. तोच मुलगा वर्षभरात ऑस्टिनला किंवा कॉलेज स्टेशनला शिकायला जातो आणि थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री, पावसात, ट्रकांच्या मधून दोनशे मैल चालवत घरी येतो. आणि आपण? आपण नव्या गाडीतून मॅकआर्थर बुलेव्हार्डवर चाळीसच्या वेगाने भाजी आणायला जातो.

हा क्रम उलटा असायला हवा असे आमचे स्पष्ट मत आहे. गाडी घसरू लागली की चाकांना आपणहून ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून प्रत्येक गाडीला सक्तीची झाली. मागे पाहण्याचा कॅमेरा मे २०१८ पासून सक्तीचा झाला. या गोष्टी सर्वांत जास्त उपयोगी पडतात त्या ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याला. वीस-पंचवीस वर्षे विनाअपघात चालवणाऱ्या आई-वडिलांनी जुनी व्हॅन गावात वापरावी, आणि हायवेवर जाणाऱ्या मुलीला घरातली नवी गाडी द्यावी. मुलगी मिरवेल, मिरवू द्या. शेजारी काय म्हणतील, हा प्रश्न आपण दहा हजार मैल दूर येऊन तरी सोडायला हरकत नसावी.

यावर जुन्या मंडळींचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. "आम्ही विद्यार्थी असताना आठशे डॉलरच्या खटाऱ्यात अर्धी अमेरिका पालथी घातली, आम्हाला काय झाले?" काही झाले नाही, याचा आनंदच आहे. पण तेव्हा आठशेच्या गाडीत आणि शोरूममधल्या गाडीत सुरक्षेचा फरक आजच्याइतका नव्हता. दोन्हींत फार काही नव्हते. शिवाय ज्यांना काही झाले ते आज हे सांगायला मंडळाच्या कार्यक्रमाला येत नाहीत.

दुसरी सवय अधिक नाजूक आहे, कारण ती आपल्या याच अंकाच्या शेवटच्या पानावर दिसते: 'व्हॅन विकणे आहे, उत्तम स्थितीत, एकच मालक.' व्हॅली रँच किंवा लास कोलिनासच्या अपार्टमेंटमध्ये नुकत्याच उतरलेल्या कुटुंबाला आठवड्याभरात गाडी लागते. क्रेडिट हिस्टरी नसते, त्यामुळे रोखीत बसणारी जुनीच घ्यावी लागते. परक्याकडून घेण्यापेक्षा आपल्या माणसाकडून घेतलेली बरी, या विश्वासाने ते आपल्याकडे येतात. सॅल्व्हेज टायटल म्हणजे काय हे त्यांना माहीत नसते. चेक इंजिनचा दिवा यंत्राने पुसून टाकता येतो, आणि तो पुसला की काही दिवस लागत नाही, हेही माहीत नसते. टायरवरची नक्षी दिसली की टायर चांगला असे त्यांना वाटते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ३११६ म्हणजे २०१६ सालचा एकतिसावा आठवडा, आणि इतक्या जुन्या रबराचा टेक्ससच्या उन्हात भरवसा नसतो, हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कोण सांगणार? २०२४ पर्यंत निदान ती वार्षिक तपासणी आपल्यामध्ये आणि त्यांच्यामध्ये उभी होती. आता आपला शब्दच उभा आहे.

म्हणून आमची सूचना अशी. आपल्या अंकात गाडीची जाहिरात द्यायची असेल तर विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने एखाद्या मेकॅनिककडून तपासून एका पानाचा कागद द्यावा. ब्रेकचे पॅड किती उरले, टायर कुठल्या वर्षाचे, टायटल स्वच्छ आहे का, बेल्ट कधी बदलला, संगणकात काय लपले आहे, आणि गाडीच्या सतरा अक्षरी नंबरावरून शोधून कुठला रिकॉल बाकी आहे का. हा शेवटचा मुद्दा चुकवू नये. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचे सुमारे सहा कोटी सत्तर लाख इन्फ्लेटर या देशात परत मागवले गेले, आणि उष्ण, दमट हवेत ते अधिक धोक्याचे ठरले. असे रिकॉलचे काम डीलरकडे फुकट होते, तरी कित्येक जुन्या गाड्या ते न करताच हातोहात विकल्या जातात. तपासणीला शंभर-दीडशे डॉलर लागतील. ज्याला ते जड वाटतात त्याने आपली 'उत्तम स्थिती' दुसरीकडे जाहीर करावी. समितीतल्या काहींना वाटते की यामुळे जाहिराती कमी होतील. होऊ द्याव्यात.

ब्रेक, सांगाडा किंवा स्टीअरिंग यांत गाडी नापास झाली आणि दुरुस्ती परवडत नसेल, तर ती कुणालाही न विकता भंगारात द्यावी. नुसती म्हातारी झालेली पण धडधाकट गाडी डीलरला देऊन नवी घेतली तर टेक्ससमध्ये कर फरकाच्या रकमेवरच लागतो, हा थोडा फायदा. धर्मादाय संस्थेला दिली तर पुण्य आहे, पण मोठ्या वजावटीची आशा धरू नये. पाचशे डॉलरच्या वर वजावट मागायची तर २००५ पासून सहसा संस्थेने गाडी जेवढ्याला विकली तेवढीच मिळते. विकल्यावर मोटार वाहन विभागाला तीस दिवसांच्या आत हस्तांतराची सूचना पाठवावी आणि काचेवरचा टोलटॅग आठवणीने काढून घ्यावा. नाहीतर व्हॅन दुसऱ्याची आणि टोलची बिले आपली, असा संसार पुढे बरेच दिवस चालतो.

आमच्या व्हॅनचे सांगायचे तर आम्ही ३,२०० डॉलर भरले. त्याच दिवशी फ्रीजवर एक कागद लावला: या वर्षात आणखी हजारापर्यंत, त्याच्या वर नाही, ट्रान्समिशन गेले तर एक डॉलरही नाही. दोघांनी सह्या केल्या, म्हणजे गॅरेजमध्ये मेकॅनिकसमोर उभे राहून पुन्हा वाद नको. व्हॅन आता एकता मंदिर, लायब्ररी आणि किराणा यांच्या पलीकडे जात नाही. धाकटी डेंटनला शिकते, ती आमची २०२१ ची कोरोला घेऊन गेली आहे. बाबांना हे पटलेले नाही. त्यांच्या मते नवी गाडी मोठ्या माणसांनी वापरायची असते.

जाहिरातींबद्दलची सूचना समितीच्या पुढच्या बैठकीत येणार आहे. ज्यांना ती मान्य नाही त्यांनी बैठकीला यावे, किंवा संपादकांकडे लिहून पाठवावे. दोन पाने त्यांच्यासाठी राखून ठेवावीत अशी आम्ही विनंती केली आहे.